कृतिदेवातली ग्रंथसूची आणि हास्केलचे तीन पार्सर: इंदूरच्या एका वाचनालयाचं प्रकरण

इंदूरच्या जुन्या भागातल्या एका मराठी वाचनालयाची ही गोष्ट. दहा हजारांच्या आसपास पुस्तकं, त्यातली बरीचशी स्वातंत्र्यापूर्वीची. ग्रंथसूची छापील पुस्तिकेच्या रूपात होती आणि ती राजवाड्याजवळच्या एका डीटीपीवाल्याकडून पेजमेकर या पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये करून घेतलेली. आता कार्यकारिणीला ती संगणकावर शोधता येईल अशी हवी होती: पुस्तकाचं किंवा लेखकाचं नाव टाकलं की पुस्तक आहे की नाही, आणि असलं तर कुठल्या कपाटात, एवढं कळावं. काम आमच्याकडे आलं, अर्थात सेवा म्हणून. आमच्या दोघांच्या कार्यालयात रोजचं काम हास्केल या प्रोग्रामिंगच्या भाषेतच चालतं, त्यामुळे भाषा कुठली यावर चर्चा झाली नाही. चर्चा झाली ती पार्सर (मजकूर वाचून त्याचे अर्थपूर्ण भाग वेगळे करणारा प्रोग्राम) लिहायला कुठली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, घ्यायची यावर, आणि ती बरीच लांबली.

पार्सर लागणार होता कारण सूची कृतिदेव फॉन्टमध्ये होती. मध्य प्रदेशात ज्यांनी कचेरीतला एखादा अर्ज टाईप करून घेतलाय त्यांना हा फॉन्ट सांगायला नको. युनिकोड येण्याआधीची ही सोय. फाईलमध्ये साधी इंग्रजी अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. ‘राम’ हा शब्द फाईलमध्ये ‘जे-के-ई’ असा असतो. फॉन्ट काढून घेतला की उरतो तो निव्वळ कचरा.

हे बदलून देणारी तयार साधनं भरपूर आहेत आणि साध्या मजकुरावर ती ठीक चालतात. आमची अडचण निराळी होती. सूचीत मधूनमधून इंग्रजी नावं होती, प्रकाशकांची, काही मालिकांची, आणि ती साध्या इंग्रजी फॉन्टमध्ये. पेजमेकरमधून साधी टेक्स्ट फाईल काढली की फॉन्टची माहिती गळून पडते, आणि मग ‘जे-के-ई’ हे तीन इंग्रजी अक्षरांचं काहीतरी आहे की आपला राम, हे कोणालाच सांगता येत नाही. डीटीपीवाल्याचं म्हणणं, ‘भिया, प्रिंट तो बराबर आ रहा है ना?’ छपाई बरोबर येत होती, यात वादच नव्हता.

उपाय एकच: फाईल आरटीएफमध्ये काढायची, म्हणजे मजकुराबरोबर त्याची सजावटही साठवणाऱ्या प्रकारात. आरटीएफमध्ये प्रत्येक तुकड्याआधी कुठला फॉन्ट सुरू झाला याची खूण असते. म्हणजे कामाचे तीन थर झाले. आधी आरटीएफ वाचायचं, मग कृतिदेवाचं युनिकोड करायचं, आणि शेवटी त्या शुद्ध मजकुरातून दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत अशी नोंद वेगळी काढायची.

उमेदवार तीन

हास्केलमध्ये पार्सर लिहिण्याची रीत म्हणजे छोटे पार्सर जोडत जोडत मोठा करणं. या रीतीच्या लायब्ऱ्या हॅकेजवर, म्हणजे हास्केलच्या लायब्ऱ्यांच्या भांडारात, ढिगाने आहेत. फ्लॅटपार्ससारख्या अतिवेगवान मंडळींना आम्ही सुरुवातीलाच बाजूला ठेवलं, कारण अख्खी सूची काही एमबींची आणि ती वाचायची फार तर महिन्यातून एकदा. राहिल्या तीन.

पार्सेक सगळ्यांत जुनी, डान लायेन यांची, २००१च्या सुमाराची. हास्केलची पार्सिंगची पाठ्यपुस्तकी ओळख बहुतेकांना हिच्यातूनच होते. हिचा एक मोठा गुण म्हणजे जीएचसी या हास्केलच्या कंपायलरच्या २०१८मधल्या ८.४ आवृत्तीपासून ती त्याच्याबरोबरच येते, कारण कबाल हे पॅकेज बांधायचं साधन स्वतःच्या फाईली वाचायला तिचाच आधार घेतं. वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही आणि ती उद्या गायब होईल ही भीती नाही.

ॲटोपार्सेक ब्रायन ओ’सलिव्हन यांची. हिचा भर वेगावर, कच्च्या बाइटवर (फाईलमधल्या नुसत्या आकड्यांवर) थेट चालण्यावर, आणि तुकड्यातुकड्याने येणारी माहिती येईल तशी वाचण्यावर. जेसन या माहिती देवाणघेवाणीच्या प्रकारासाठी सगळे वापरतात ती ईसन लायब्ररी कित्येक वर्षं हिच्यावरच उभी होती. २०२३मध्ये ईसन २.२ने तो भाग वेगळ्या पॅकेजमध्ये काढला. तोवर ॲटोपार्सेक न मागवताही प्रत्येक प्रकल्पात मागच्या दाराने आलेली असायची.

मेगापार्सेक ही पार्सेकचीच फुटून निघालेली शाखा, मार्क कार्पोव्ह यांनी २०१५मध्ये सुरू केलेली. जमाखर्चाचं एचलेजर आणि डॉल ही प्रोग्रामची सेटिंग्ज लिहायची भाषा, दोन्ही हिच्यावर चालतात. हिचा भर चूक दाखवणाऱ्या संदेशांवर.

परवाने तिन्हींचे बीएसडी घराण्यातले, म्हणजे मोकळ्या वापराचे, तिथे थांबायचं कारण नव्हतं.

‘भ’ची परीक्षा

तुलना करताना वेगाचे तक्ते पाहण्यात अर्थ नव्हता. आम्ही सूचीतली काही वाईटात वाईट पानं निवडली आणि तेच व्याकरण तिन्ही लायब्ऱ्यांमध्ये लिहून पाहिलं. पहिला फरक दिसला तो कृतिदेवाच्या थरात.

कृतिदेवात पुष्कळ व्यंजनं दोन कळांची आहेत. मोठा ‘एच’ दाबला की अर्धा भ, त्यापुढे ‘के’ दाबला की दंड लागून पूर्ण भ. पण हाच ‘के’ काना म्हणूनही येतो. ‘भारत’ शब्दात ‘एच’नंतर दोन ‘के’ लागोपाठ येतात, पहिला दंड आणि दुसरा काना. ‘अभ्यास’मध्ये मात्र ‘एच’पुढे थेट अर्धविराम येतो, कारण अर्धविरामाच्या कळीवर ‘य’ आहे. म्हणून पार्सरला सांगावं लागतं: आधी ‘एच-के’ ही जोडी मिळते का पाहा, नाही तर एकटा ‘एच’ घे.

पार्सेकमध्ये हे असंच लिहिलं की ‘भारत’ नीट निघतो आणि ‘अभ्यास’वर पार्सर बंद पडतो. पार्सेकचा नियम असा की पहिल्या पर्यायाने एकही अक्षर गिळलं आणि मग तो फसला, तर दुसरा पर्याय पाहायचाच नाही. ‘एच’ गिळला गेला, ‘के’ मिळाला नाही, संपलं. त्यावर उतारा म्हणजे पहिल्या पर्यायाभोवती ‘ट्राय’ लावायचा, म्हणजे फसलं तर गिळलेलं परत करायला सांगायचं. कृतिदेवात असे दोन कळांचे वर्ण इतके आहेत (ख, घ, ण, ध, भ, श, ष, क्ष आणि आणखी) की ‘ट्राय’ची पेरणीच करावी लागते आणि एखादा राहिला तर तो शब्द समोर येईपर्यंत पत्ताही लागत नाही. हा नियम वेडेपणाचा नाही, त्यामुळे स्मृती कमी लागते आणि चूक कुठे झाली हे नेमकं सांगता येतं. पण या थराला तो जाचक होता.

ॲटोपार्सेक नेहमीच मागे फिरते. पर्याय फसला की जिथून सुरुवात केली तिथे परत, काही सांगावं लागत नाही. मेगापार्सेक मुळात पार्सेकच्याच नियमाने चालते, पण अख्खी अक्षरमाळ जुळवण्याच्या तिच्या ‘स्ट्रिंग’ला अपवाद केलाय, ती फसली तर काही गिळत नाही. म्हणून ‘भ’च्या परीक्षेत दोघी पास.

पुढची पायरी ऱ्हस्व वेलांटीची. टाईप करणारा डोळ्यांना दिसतं त्या क्रमाने टाईप करतो, म्हणून कृतिदेवात वेलांटी व्यंजनाच्या आधी येते आणि रफार अक्षर पूर्ण झाल्यावर शेवटी. ‘स्थिती’ची पहिली वेलांटी ‘स्’च्याही आधी बसलेली असते, युनिकोडमध्ये ती अख्ख्या ‘स्थ’च्या नंतर हवी. ‘कार्य’चा रफार ‘य’च्या मागून येतो, तो ‘य’च्या आधी न्यायचा. तयार साधनं हे शोधा-बदला पद्धतीने, मजकुरावर पुन्हा पुन्हा फिरून करतात आणि जोडाक्षर लांबलं की चुकतात. पार्सरमध्ये हेच फार सोपं आहे. एक अक्षर म्हणजे हवी तर वेलांटी, मग कितीही अर्धी व्यंजनं, मग एक पूर्ण व्यंजन, मग मात्रा, हवा तर रफार. हे व्याकरण लिहायचं आणि बाहेर काढताना तुकडे हव्या त्या क्रमाने मांडायचे. तिन्ही लायब्ऱ्यांत हे जवळजवळ सारखंच दिसलं. दिवाळी अंकांच्या नोंदींमुळे ‘ळ’ ठायी ठायी होता, पण तो एकाच कळीवर असल्याने त्याने काही त्रास दिला नाही.

बाइट आणि महिरपी कंस

देवनागरी आकडे कृतिदेवात वरच्या, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांपलीकडच्या बाइटमध्ये आहेत. एक ते नऊ हे सोळाच्या पायातल्या ८३ ते ८बी या जागांवर, आणि शून्य मात्र दूर ई५वर. अशी टेक्स्ट फाईल हास्केलच्या साध्या फाईल वाचणाऱ्या फंक्शनला दिली की ते बहुधा ती यूटीएफ-८, म्हणजे युनिकोडच्या नेहमीच्या रूपातली, समजतं आणि पहिल्याच वर्षाच्या आकड्याला ‘अवैध बाइट’ म्हणून हात वर करतं. आरटीएफमध्ये हे बाइट तिरकी रेघ, वरचा स्वल्प आणि सोळाच्या पायातले दोन अंक असे लिहून येतात, म्हणजे ते परत बाइट करावे लागतात. थेट बाइटवर चालणारी ॲटोपार्सेक इथे घरच्यासारखी वावरते.

गंमत पुढेच आहे. कृतिदेवात ‘क्ष’ लिहायला डावा महिरपी कंस लागतो आणि ‘द्व’ म्हणजे उजवा महिरपी कंस. आरटीएफमध्ये हेच कंस गट उघडण्या-मिटण्याच्या खुणा आहेत. ‘शिक्षण’ आणि ‘विद्वान’ हे शब्द मराठी वाचनालयाच्या सूचीत किती वेळा येतील याचा अंदाज करा. आरटीएफ अशा कंसाआधी तिरकी रेघ लावतं, म्हणून वाचता येतं. पण थर वेगळे ठेवले नाहीत, दोन्ही कामं एका व्याकरणात कोंबली, तर डोकं फिरतं.

आता फॉन्ट. गट मिटला की फॉन्ट आधीचा होतो, म्हणजे वाचताना ‘सध्या कुठला फॉन्ट’ ही स्थिती बरोबर न्यावी लागते. पार्सेकमध्ये अशा स्थितीची जागा आधीपासून आहे आणि पार्सर मागे फिरला की स्थितीही मागे फिरते. मेगापार्सेकमध्ये ती स्टेट मोनाडने (हास्केलमध्ये स्थिती सांभाळायच्या रचनेने) जोडायची, आणि इथे एक खाच आहे: स्टेट बाहेर आणि पार्सर आत ठेवला तर मागे फिरताना फॉन्टही मागे येतो, उलट रचना केली तर फॉन्ट पुढचाच राहतो. दोन्ही रचना कंपाईल होतात. ॲटोपार्सेकमध्ये स्थितीला जागाच नाही.

यावर माझ्या सहकारीणीने सुचवलं ते मला अजून पटतं. पार्सरला स्थिती ठेवायला लावूच नये. ॲटोपार्सेकने आरटीएफच्या फक्त खुणांची यादी काढावी (गट उघडला, गट मिटला, फॉन्ट बदलला, एवढे बाइट आले), आणि त्या यादीवरून साध्या फोल्डने, म्हणजे एकेक खूण ओळीने घेत, फॉन्टचा हिशेब करावा. पार्सर लहान झाला, स्थितीचा वाद मिटला आणि कृतिदेवाचा तुकडा कुठला, इंग्रजीचा कुठला हे साध्या फंक्शनमध्ये तपासता यायला लागलं.

काकू आणि २३२५

इथवर पारडं ॲटोपार्सेककडे झुकलं होतं. तिसऱ्या थराने ते फिरवलं.

पहिल्या दोन थरांत चूक सांगायची कोणाला, हा प्रश्नच नसतो. अनोळखी बाइट आला तर जागा राखून पुढे जायचं, नंतर आम्ही बघू. नोंदींच्या थरात मात्र चूक म्हणजे सूचीतलीच चूक: वर्ष लिहायचं राहिलं, किंमत लेखकाच्या रकान्यात गेली, दाखल क्रमांक दोनदा आला. ती दुरुस्त करायची तर कपाटातून पुस्तक काढून बघावं लागतं, आणि ते काम वाचनालयाच्या एका काकूंकडे होतं. शाळेतून गणित शिकवून निवृत्त झालेल्या, हस्ताक्षर छापील, चिकाटी अफाट.

म्हणून आम्ही तिन्ही लायब्ऱ्यांचे चूक दाखवणारे संदेश जसेच्या तसे छापून काकूंपुढे ठेवले. ॲटोपार्सेकचा संदेश होता, ‘फेल्ड रीडिंग: सॅटिस्फाय’. ओळ नाही, जागा नाही. उरलेला मजकूर ती परत देते, त्याच्या लांबीवरून जागा काढता येते, पण ते आपणच करायचं. काकूंनी तो कागद बाजूला ठेवला.

पार्सेकने ओळ आणि रकाना दिला, कशाची अपेक्षा होती तेही दिलं. फक्त नको असलेलं अक्षर ती हास्केलच्या ‘शो’ फंक्शनने छापते, आणि ‘शो’ देवनागरी अक्षराच्या जागी त्याचा युनिकोड क्रमांक लिहितं. ‘क’चा क्रमांक २३२५. काकू रजिस्टर घेऊन बसल्या, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘अरे, २३२५ दाखल क्रमांकाचं पुस्तक तर बरोबर आहे. यात चूक काय आहे?’

मेगापार्सेक अक्षर अक्षरासारखं छापते, चुकलेली ओळ दाखवते आणि खाली खूण करते. ती खूण देवनागरीत सरकते, कारण मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात आणि डोळ्यांना ते एकाच अक्षरात दिसतात. तिचे ‘अनएक्स्पेक्टेड’, ‘एक्स्पेक्टिंग’ हे शब्दही इंग्रजीच. पण तिच्याकडे चूक ही छापील वाक्य म्हणून येत नाही, तपशिलांची रचना म्हणून येते, आणि तिच्यातून हवा तसा मजकूर बांधता येतो. आम्ही ओळ-रकाना काढून टाकला. संदेश असा केला: ‘दाखल क्रमांक अमुक: प्रकाशकानंतर वर्ष हवं होतं, तिथे “किं.” आलं.’ काकूंना फाईलची ओळ कळून उपयोग नाही, त्यांना कपाटातलं पुस्तक हवं.

निर्णायक गोष्ट मात्र आणखी एक. पार्सेक आणि ॲटोपार्सेक पहिल्या चुकीवर थांबतात. एक चूक दुरुस्त करा, पुन्हा चालवा, दुसरी कळेल. मेगापार्सेकमध्ये चुकलेली नोंद ओलांडून पुढे जाता येतं आणि अडखळलेल्या सगळ्या चुका एकदम हाती येतात. ‘विथ रिकव्हरी’ आणि ‘रजिस्टर पार्स एरर’ ही ती दोन फंक्शनं. दहा हजार नोंदींच्या सूचीत काकूंना एकेक चूक सांगत बसणं शक्यच नव्हतं. कपाटानुसार लावलेली पूर्ण यादी त्यांना एकदम हवी होती, म्हणजे जिना एकदाच चढायचा. पहिल्या दोघींनाही एकेक नोंद वेगळी तोडून देता येते, तोही मार्ग होता. पण नोंद संपते कुठे हेच कधी कधी चुकलेलं असायचं.

शके आणि आणे

चुकांच्या यादीत एक प्रकार असा निघाला ज्याला चूक म्हणता येत नाही. वर्षाच्या जागी १८५०. जुन्या मराठी पुस्तकांवर शके छापलेलं असतं. शके १८५० म्हणजे इसवी १९२८, किंवा जानेवारी ते पुढच्या गुढीपाडव्यादरम्यानचं असेल तर १९२९. टाईप करणाऱ्याने कुठे ‘शके’ लिहिलंय, कुठे नाही. पार्सरने ठरवायचं कसं? ठरवूच नये. १९००च्या आतला आकडा ‘शके’ शब्दाशिवाय आला की वाचन चालू ठेवायचं आणि फक्त शंका नोंदवायची. मेगापार्सेकमध्ये चुकांचा आपल्या मनाजोगा प्रकार करता येतो, तिथे ही ‘शंका’ बसवली. काकूंच्या यादीत ती वेगळ्या रकान्यात जाते.

किंमतीही तशाच. एप्रिल १९५७च्या आधीची पुस्तकं रुपये-आणे-पैमध्ये, ‘१-४-०’ अशी. कृतिदेवात संयोगचिन्हाची कळ दाबली की पूर्णविराम उमटतो, आणि संयोगचिन्ह हवं तर ‘अँड’च्या चिन्हाची कळ. टाईप करताना कोणी हे पाळलं, कोणी नाही, त्यामुळे ‘१.४.०’ आणि ‘१-४-०’ दोन्ही रूपं आली. इथे पार्सर दोन्ही घेतो. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा, म्हणून किंमत आत पैमध्येच ठेवली, १९२ची रुपयाला. पुढे कोणाला जुन्या किमतींचा अभ्यास करायचा असला तर उपयोगी पडेल, आज कोणाला पडत नाही.

याच थरात पार्सेकची एक जमेची बाजू दिसली, ती सांगायलाच हवी. काहीही न वाचता यशस्वी होणारा पार्सर चुकून ‘मेनी’ला (पार्सर जमेल तितक्या वेळा चालवणाऱ्या फंक्शनला) दिला, तर तो अनंत वेळा चालतो. रिकाम्या रकान्यांमुळे चाचणीच्या व्याकरणात असा प्रसंग आला. ॲटोपार्सेक आणि मेगापार्सेक गप्प बसून फिरत राहतात, पंखा वाजायला लागतो तेव्हा कळतं. पार्सेक स्पष्ट शब्दांत तक्रार करून थांबते. शिकाऊ माणसाच्या हाती द्यायची असेल तर मी आजही पार्सेकच देईन.

काय घेतलं

शेवटी दोन घेतल्या. आरटीएफ आणि कृतिदेवाला ॲटोपार्सेक, नोंदींना मेगापार्सेक. एकाच प्रोग्राममध्ये दोन पार्सर लायब्ऱ्या ठेवणं नीटनेटकं दिसत नाही, आणि ‘एकीतच सगळं बसतं की’ हे ऐकावं लागलं. बसतं, खरंच बसतं, मेगापार्सेक बाइटवरही चालते. पण कृतिदेवाचा भाग आता स्वतंत्र पॅकेज झालाय. दुसऱ्या कुणाला पत्रिका किंवा इतिवृत्तं युनिकोडमध्ये आणायची असली तर त्याला ते थेट देता येतं, त्यात नोंदी, चुका, शके यांचं काही ओझं नाही.

मेगापार्सेकची किंमत मोजावी लागते ती आवृत्त्यांत. २०१७ ते २०२० या काळात तिच्या ६, ७, ८ आणि ९ अशा मोठ्या आवृत्त्या आल्या आणि चूक दाखवणाऱ्या संदेशांची रचना, म्हणजे आम्ही जिच्यासाठी ती घेतली तीच, मध्ये बदलली. पार्सेकवर लिहिलेलं जुनं काम तुलनेने शांतपणे कंपाईल होत राहतं. आम्ही स्टॅकेजच्या, म्हणजे एकमेकींशी जुळणाऱ्या लायब्ऱ्यांच्या संचाच्या, एका आवृत्तीला प्रोग्राम बांधून ठेवलाय. महिन्यातून फार तर एकदा चालवायच्या साधनाला तेवढं पुरे.

काकूंचं काम अजून चालू आहे. दोनदा आलेले दाखल क्रमांक बहुतेक मिटले, शंकेच्या रकान्यातली शके-इसवीची पुस्तकं एकेक करून निघतायत. सूचीच्या शेवटच्या पुरवणीची मात्र मूळ पेजमेकर फाईल डीटीपीवाल्याकडे सापडली नाही, फक्त टेक्स्ट फाईल आहे. तिथे फॉन्टची माहितीच नसल्याने कुठलाही पार्सर कामाचा नाही. ती पानं काकूंनी छापील पुस्तिकेवरून फोनवर मराठी कळफलकाने टाईप करायला घेतली आहेत.